शिनोळीच्या पुढं

शर्वाणी,
वेंगुर्ल्याहून सकाळची पहिली गाडी धर.
आंबोलीच्या वळणांवर धुकं आलं
की ड्रायव्हर रेडिओ बंद करून गप्प होतो,
तेव्हा तूही बोलू नकोस.
घाटात कान दडतील. आवंढा गिळ.
रिकाम्या पोटी बसू नकोस, भरल्या पोटीही नको.
एक चपाती, बस्स.

उंची म्हणशील तर अडीच हजार फूट.
हिमालय बघून आलेले हसतील.
खरं, समुद्रावरून येणाऱ्या अंगाला
तेवढी पुरते.
पहिल्याच रात्री ओठ फुटतात.
भिरंडेलाचा गोळा पिशवीत टाक.
मलम इथंही मिळतं,
खरं, त्याला तुमच्या घराचा वास नसतो.

आधीच सांगून ठेवतो,
आम्ही 'पण' म्हणत नाही, 'खरं' म्हणतो.
लॉजवाला म्हणाला, 'खोली हाय खरं...'
तर खूश होऊ नकोस.
पुढचं ऐक.

शिनोळी सोडलं की पाट्यांवरची अक्षरं गोल होतात,
भट्टीत सारण्याआधीच्या
पावाच्या गोळ्यांसारखी.
कानडी एक जवळजवळ शून्य दिसतो.
तुझा बाबा पहिल्यांदा आला तेव्हा
दगडावर 'बेळगाव शून्य मैल' वाचून
एक मैल आधीच उतरला,
आणि पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन
कॅम्पातल्या बेकरीपर्यंत चालत आला.
मालक म्हणाले, हा पोरगा टिकणार.

स्टँडवर रिक्षावाला आधी कानडीत विचारेल,
तू गप्प राहिलीस की मराठीत.
भाडं दोन्हीत तेवढंच.
खानावळीत 'साकु' एवढा शब्द पाठ ठेव,
नाहीतर वाढणारा थांबत नाही.
कुंदा परतीच्या दिवशी घे,
स्टीलच्या डब्यात. कागदाला तूप सुटतं.

आमचं घर दुसऱ्या गेटपाशी.
गेट म्हणजे रेल्वेचं फाटक.
पडलेलं असलं तर खालून वाकून जाऊ नकोस.
सगळे जातात. तरी.

किल्ल्यात सकाळी आठच्या आत जा,
पायमोजे घालून.
बस्तीत चप्पल काढावी लागते,
आणि डिसेंबरात तिथला दगड
रात्रभर अंगणात राहिलेल्या तव्यासारखा असतो.
मान वर कर.
छतात कमळ आहे, खालच्या अंगाला उमललेलं.
मोबाइल नंतर काढ.
बाबल पहाटेची खेप काढून,
केसांत मैदा तसाच,
तिथं जाऊन उताणा पडायचा.
राखणदार ओरडायचा.
हा म्हणायचा,
माशाला कमळ असंच दिसत असणार.

आणि स्वेटर.
बाजारात मिळेल, खरं, विकत घेऊ नकोस.
माळ्यावरच्या त्याच ट्रंकेत बघ.
तपकिरी, डाव्या कोपरावर
हिरव्या लोकरीनं रफू केलेला.
तो माझा.
सत्त्याऐंशीच्या थंडीत
एका रात्रीपुरता मागून नेलेला.
वेंगुर्ल्यात त्याचा काय उपयोग होता
देव जाणे.
मी दर पत्रात मागायचो.
तो दर पत्रात लिहायचा,
'आणून देतो खरं...'
बोलणं आमचंच उचललेलं,
आणि पुढचं वाक्य
कधी लिहिलं नाही.

तू येताना अंगात घालून ये.
शिनोळीपर्यंत उकडेल. पुढं नाही.
मी फलाटावर असेन,
चहाच्या गाड्याच्या उजव्या हाताला.
डोळे अधू झालेत माझे,
आता कुठलीच पाटी वाचता येत नाही, गोल काय, सरळ काय.
तेवढा तपकिरी रंग ओळखेन.

परत द्यायचं मनात आणू नकोस.
डांबरगोळ्यांचा वास येत असेल
तर आदल्या दिवशी
उन्हात टाक.